गोऱ्यांच्या रकान्यातलं म्हातारपण

२०२० च्या अमेरिकन जनगणनेच्या अर्जावर ‘गोरे’ या चौकोनाखाली एक रिकामी ओळ होती. तुमचं मूळ लिहा. उदाहरणार्थ जर्मन, आयरिश, इंग्लिश, इटालियन, लेबनीज, इजिप्शियन. शेवटची दोन नावं पुन्हा एकदा वाचा. यादवी युद्धातून जीव वाचवून दक्षिण लेबनॉनहून आलेली आजी आणि मिनेसोटातला जर्मन वंशाचा शेतकरी सरकारच्या लेखी एकाच पंगतीला. दवाखान्याच्या नोंदीत, मृत्यूच्या दाखल्यात, नव्या औषधाच्या चाचणीतही तीच पंगत. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने हा नियम बदलला. ‘मिडल ईस्टर्न किंवा नॉर्थ आफ्रिकन’ असा वेगळा गट मान्य केला आणि सरकारी खात्यांना अंमलबजावणीसाठी पाच वर्षं दिली. त्यावरून जो वाद सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. माझ्या मते तो अगदी वाईट पद्धतीने चालला आहे.

एक बाजू म्हणते, हे सगळं ओळखीचं राजकारण आहे, आणखी एक चौकोन म्हणजे आणखी एक फूट. दुसऱ्या बाजूला वाटतं, चौकोन मिळाला म्हणजे अर्धी लढाई जिंकली. आणि गोष्ट म्हाताऱ्या माणसांच्या स्मृतिभ्रंशापर्यंत पोचली की तिसराच सूर लागतो: या लोकांत चुलत-मावस भावंडांत लग्नं होतात, बायका शिकत नाहीत, आजार लपवतात, त्याला कोण काय करणार? माझं म्हणणं असं आहे: वृद्ध अरब स्थलांतरितांना स्मृतिभ्रंशाचा जो जादा धोका दिसतो, त्याचा मोठा भाग त्यांच्या रक्तात नसून त्यांच्या आयुष्याच्या हकिगतीत आहे. ती हकिगत वाचायची तर आधी माणसं मोजावी लागतील. आणि मोजून झाल्यावर ज्या चाचणीने त्यांची स्मृती तपासली जाते ती चाचणीही बदलावी लागेल. यातलं पहिलं न करता दुसरं होत नाही, आणि दुसरं न करता पहिल्याला फारसा अर्थ राहत नाही.

अरब ‘गोरे’ झाले कसे, हे आधी पाहू. अमेरिकेत नागरिकत्व मिळण्यासाठी त्या काळी गोरं असणं ही कायद्याचीच अट होती (कृष्णवर्णीयांना १८७० नंतर मुभा होती, पण आशियाई माणसाला नाही). जॉर्ज डाऊ हा आजच्या लेबनॉनमधून आलेला सीरियन ख्रिस्ती माणूस कोर्टात भांडला आणि १९१५ मध्ये अपिलात जिंकला: सीरियन माणूस गोरा. पण १९४२ मध्ये डेट्रॉइटच्या न्यायालयाने येमेनच्या अहमद हसनला सांगितलं की तू गोरा नाहीस. त्याची कातडी आणि त्याचा धर्म दोन्ही आडवे आले. दोन वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या दुसऱ्या न्यायाधीशाने एका अरबाला पुन्हा गोरं ठरवलं. शास्त्र, रंग, वंश यांचा याच्याशी फारसा संबंध नव्हता. नागरिकत्वाच्या दारावर जो पहारेकरी उभा असेल त्याच्या मर्जीचा प्रश्न होता. ज्या शब्दाने आजोबांना दार उघडून दिलं, त्याच शब्दाने नातवंडांच्या काळात ती माणसं आकड्यांतून पुसली गेली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. डाऊ जिंकल्यावर आठ वर्षांनी, १९२३ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकी लष्करात शिपाई राहिलेल्या भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाला गोरा मानायला नकार दिला. त्याचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतीलच. पुढे काळ बदलला, आणि गंमत म्हणजे १९७० च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांतच धरलं गेलं. तिथल्या भारतीय संघटनांनी खटपट केली तेव्हा १९८० च्या अर्जावर ‘एशियन इंडियन’ हा वेगळा चौकोन आला. त्या वेळी भारतीयांतूनच विरोध झाला होता. आपण शिकलेसवरलेले, कमावते लोक. आपण होऊन अल्पसंख्य म्हणवून घ्यायचं कशाला? हा युक्तिवाद आज अरबांच्या बाबतीत शब्दशः ऐकू येतो. पण त्या चौकोनाने दिलं काय, तेही पाहा. दक्षिण आशियाई माणूस अंगाने सडपातळ असूनही त्याला मधुमेह आणि हृदयविकार लवकर का गाठतात, याचा अमेरिकेतला दीर्घ अभ्यास २०१० मध्ये सुरू झाला. त्याचं नाव ‘मसाला’. लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून कुणा खवय्याने ठेवलेलं असावं. भारतीय जर गोऱ्यांच्या सरासरीत विरघळलेले राहिले असते, तर हा प्रश्न विचारायला तरी कुणाला सुचलं असतं का?

आता मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला चला. बहीण डेट्रॉइटजवळ राहते, त्यामुळे दोनदा तिथे जाणं झालं. अरब म्हटलं की आपल्याकडे दुबईचे मॉल आणि पांढरे झगे डोळ्यांसमोर येतात. रत्नागिरी-रायगडकडच्या घरांत तर आखात म्हणजे मनिऑर्डर. डिअरबॉर्नचा अरब वेगळा. वॉरन अव्हेन्यूवर अरबी पाट्यांच्या बेकऱ्या, दवाखाने, खाटकाची दुकानं, आणि गावाच्या दक्षिण टोकाला फोर्डचा अवाढव्य रूज कारखाना, जिथे भरभराटीच्या काळात एक लाखाहून जास्त माणसं कामाला होती. १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलरचा पगार जाहीर केला त्यानंतर सीरियन-लेबनीज आले, साठ-सत्तरच्या दशकांत येमेनी पुरुष आले, १९७५ ते १९९० च्या यादवीत दक्षिण लेबनॉनची गावंच्या गावं आली, १९९१ नंतर इराकी. २०२० मध्ये त्या रिकाम्या ओळीवर लोकांनी जे लिहिलं ते मोजलं तेव्हा दिसलं की या एक लाख दहा हजार वस्तीच्या शहरात निम्म्याहून जास्त लोक मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिकेच्या मुळाचे आहेत. सबंध देशात ही संख्या ३५ लाख निघाली.

या माणसांचं आयुष्य आणि स्मृतिभ्रंशाच्या कारणांची यादी शेजारी शेजारी ठेवून पाहा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी १४ कारणं मोजली आणि सांगितलं की ती सगळी दूर करता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील. त्यात कमी शिक्षण आहे, ऐकू कमी येणं आहे, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, नैराश्य, डोक्याला मार, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आहे. तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या कानाचं काय होतं? रूजच्या धुराड्यांखाली संसार केलेल्या बाईने कोणती हवा घेतली? उत्तर येमेनमध्ये १९६२ पर्यंत इमामांची राजवट होती, खेड्यातल्या मुलीला शाळा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिथे १९५० साली जन्मलेली मुलगी आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. युद्धातून आलेल्याच्या वाट्याला नैराश्य येणारच, काहींच्या वाट्याला डोक्यावरच्या जखमाही. मधुमेहाचं तर मोजून झालं आहे: डिअरबॉर्नमधल्या अरब प्रौढांच्या २००३ सालच्या पाहणीत पुरुषांत सुमारे २० आणि बायकांत १५ टक्क्यांच्या आसपास मधुमेह निघाला. म्हणजे यादीतली निम्मीअधिक कारणं एकाच घरात, कधी एकाच माणसात नांदताहेत. मग ‘अरबांच्या मेंदूत काय वेगळं आहे’ हा प्रश्न पहिला का यावा?

तरीही रक्ताचा मुद्दा नुसता झटकून टाकता येत नाही. इस्राएलच्या उत्तरेकडे वादी आरा नावाचं खोरं आहे, तिथे अरब गावं आहेत. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या साठीपुढच्या माणसांची पाहणी झाली आणि सुमारे दर पाचांत एकाला अल्झायमरची लक्षणं असल्याचं निदान निघालं. हा आकडा धक्का देणारा होता. नात्यात लग्नं होणारा समाज, मग जनुकांचा शोध सुरू झाला. काही संशयास्पद जागा सापडल्याही. त्या संशोधनाला मी खोटं म्हणत नाही. पण त्याच अभ्यासकांना आणखी एक गोष्ट आढळली, जी हा मुद्दा मांडणारे हमखास गाळतात. अल्झायमरची जोखीम सर्वांत जास्त वाढवणारं म्हणून ओळखलं जाणारं एपीओई-४ हे जनुकरूप या गावांमध्ये बाकी जगापेक्षा कमी होतं. आणि निरक्षरता हा या आजाराशी सर्वांत घट्ट जोडलेला धागा निघाला. म्हणजे ज्यांच्या रक्तात ओळखीचा दोष कमी होता त्यांनाच आजार जास्त दिसत होता, आणि त्यातही कधीच पाटी न धरलेल्यांना. आता यात आणखी एक पेच आहे: निरक्षर माणूस स्मृतीच्या चाचणीत आजार नसतानाही नापास होऊ शकतो. मग वादी आराच्या आकड्यातला किती भाग आजाराचा आणि किती चाचणीचा? नुसतं मोजणं पुरत नाही असं मी वर म्हटलं, ते यासाठी.

याहून गोड, आणि म्हणून याहून घातक असा एक युक्तिवाद आहे. तो असा: स्थलांतर करणारा माणूस मुळात धट्टाकट्टा असतो, आणि अरब कुटुंब आईबापांना टाकत नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही. यातलं खरं आहे तेवढं कबूल करू. आईबापांना ‘उफ्’सुद्धा म्हणू नका असं कुराणात आहे, आणि डिअरबॉर्नच्या घरांत तीन-तीन पिढ्या एका छपराखाली दिसतात. एकटेपणा स्मृतिभ्रंशाला खतपाणी घालतो, त्या हिशेबाने भरलेलं घर हे औषधच. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांनाही फायदा मिळतो. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये ६४८ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा गाठत होता, आणि कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसत होता.

पण धट्टाकट्टा असतो तो विशीत, आपण होऊन निघालेला. पासष्टाव्या वर्षी मुलाने कागदपत्रं करून बोलावून घेतलेली आई कुठल्या चाळणीतून निवडून आलेली असते? ती दुभाषी नाही. तिला एकच भाषा येते आणि ती भाषा घराच्या भिंतींपर्यंतच चालते. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, शाळेतून आली की इंग्रजीत. गाडी चालवता येत नाही, आणि डेट्रॉइटच्या आसपास गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. घर माणसांनी भरलेलं आणि बाई एकटी, हे आपल्या न्यू जर्सीच्या आईबापांनाही समजावून सांगायला नको. शिवाय तिथला सरकारी वृद्ध-विमा ग्रीनकार्डावर आलेल्यांना पाच वर्षांच्या सलग वास्तव्याआधी मिळत नाही. विसरणं नेमकं त्याच काळात सुरू झालं तर डॉक्टरकडे जायला आधी खिसा चाचपावा लागतो. अमेरिकी जनगणना विभाग दर वर्षी एक नमुना पाहणी करतो, त्यात जन्मदेश आणि वंशमूळ विचारलेलं असतं. त्यातून फ्लोरेन्स डालो, टिफनी किंड्रट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरबांना वेचून काढलं, तेव्हा परदेशात जन्मलेल्या अरबांत ‘आठवणं, लक्ष देणं, निर्णय घेणं जड जातं’ असं सांगणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्यांपेक्षा जास्त निघालं. धट्टाकट्ट्या स्थलांतरिताचा सिद्धांत इथे लागू पडला नाही. एका प्रश्नावरून स्मृतिभ्रंशाचं निदान होत नाही, हे खरं. पण विस्तव कुठे आहे हे धुरावरून कळतं.

आणि घर सांभाळतं म्हणजे नक्की कोण सांभाळतं? सून, नाहीतर लग्न न झालेली मुलगी. ती नोकरी सोडते, तिची पाठ जाते, आणि कुटुंब ‘आम्ही आमच्या माणसांना टाकत नाही’ म्हणून मान ताठ ठेवतं. आपण म्हणतो साठी बुद्धी नाठी, आपण म्हणतो म्हातारचळ. अरबीत असा माणूस ‘खरफान’ झाला म्हणतात, आणि कुराणातही आयुष्याच्या त्या हीन अवस्थेचा उल्लेख आहे, जिथे सगळं जाणून झाल्यावर माणूस काहीच जाणत नाही. एका अर्थी या शब्दांत शहाणपण आहे, म्हातारपणाला माफी आहे. पण माफीमागोमाग उशीर येतो. आज जी नवी औषधं आली आहेत, उदाहरणार्थ २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब, ती फक्त अगदी सुरुवातीच्या टप्प्यात द्यायची आहेत. ‘वय झालं’ म्हणून दोन-चार वर्षं गेली की ते दार बंद. त्या औषधाच्या चाचणीत अरब किती होते? ज्यांची नोंद ‘गोरे’ अशीच व्हायची, त्यांच्यात ते शोधायचे कसे?

सगळ्यांत वजनदार आक्षेप अरबांचाच आहे, आणि त्याच्याशी भांडताना माझा आवाज जरा खाली येतो. मोजलं की पाळत ठेवणं सोपं होतं. १९४२ मध्ये जपानी-अमेरिकनांना छावण्यांत डांबलं, तेव्हा ते कुठल्या वस्तीत राहतात हे जनगणनेच्या आकड्यांवरूनच कळलं. २००४ मध्ये उघडकीला आलं की जनगणना विभागाने गृहसुरक्षा खात्याला कुठल्या पिनकोडमध्ये किती अरब राहतात याची जंत्री करून दिली होती. नावं नव्हती, आकडेच होते, तेही प्रसिद्ध माहितीतून काढलेले; पण ११ सप्टेंबरनंतरच्या त्या दिवसांत डिअरबॉर्नमधल्या माणसाला या फरकाने झोप लागली असेल असं मला वाटत नाही. अशा माणसाला ‘चौकोनावर खूण करा, तुमच्या भल्यासाठी आहे’ असं सांगणारा मी कोण?

पण बारकाईने पाहा. २००४ मध्ये वेगळा चौकोन नव्हता. तरी जंत्री झाली, वंशमुळाच्या प्रश्नावरून. २००२ पासून परदेशी पुरुषांना सरकारी कचेरीत बोलावून ८० हजारांहून जास्त जणांची नोंदणी झाली, तीही पासपोर्टवरच्या देशावरून. ज्यांना पाळत ठेवायची होती त्यांना चौकोन नसल्याने काहीच अडलं नाही. अडलं ते आरोग्य खात्याचं, विद्यापीठाचं, दवाखान्याचं. पोलिसाला तुम्ही दिसता आणि डॉक्टरला दिसत नाही, अशी ही सोय आहे. तेव्हा माहितीला कुलूप घाला, आरोग्याची नोंद दुसऱ्या खात्याच्या हाती जाणार नाही असा कडक कायदा करा, ही मागणी शंभर टक्के बरोबर. पण ‘मोजूच नका’ या मागणीने वाचतं कोण? आपल्याकडे जातीच्या गणनेवरून हाच वाद १९३१ नंतर इतकी वर्षं चालला. न मोजल्याने जात गेली का? एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जात विचारायचं ठरवलं. त्या निर्णयामागचं राजकारण बाजूला ठेवलं, तरी या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाला ठाऊक आहे.

फ्रान्सचं उदाहरणही नेहमी पुढे केलं जातं: तिथे वंश विचारत नाहीत, सगळे नागरिक सारखे. तत्त्व देखणं आहे. त्या तत्त्वाच्या सावलीत म्हातारे झालेल्यांना उत्तर आफ्रिकेच्या अरबीत ‘चिबानी’ म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे. साठ-सत्तरच्या दशकांत अल्जीरिया-मोरोक्कोतून एकटे आणलेले हे मजूर; त्यांनी रस्ते बांधले, खाणी खणल्या, रेल्वे चालवली, आणि कामगारांच्या वसतिगृहातल्या चिंचोळ्या खोल्यांत जन्म काढला. बायकामुलं समुद्रापलीकडे. निवृत्तीनंतर गावी जावं तर वृद्धांना मिळणारा किमान भत्ता बुडतो, कारण त्यासाठी वर्षातला ठरावीक काळ फ्रान्समध्येच काढावा लागतो. म्हणून तिथेच, खाटेवर, रेडिओ लावून. मोरोक्कन रेल्वे कामगारांपैकी ८४८ जणांनी फ्रेंच रेल्वेवर भेदभावाचा दावा लावला. २०१८ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तोवर ते सत्तरीच्या आगेमागे होते. तत्त्वाने त्यांना सारखं मानलं होतं, पगाराने मानलं नव्हतं. एकटेपणा, कमी शिक्षण, यंत्रांचा गोंगाट: तीच यादी, डिअरबॉर्नऐवजी पॅरिसच्या उपनगरात.

पण फ्रान्सकडूनच एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पॅरिसला लागून बोबिन्यी इथे अविसेन नावाचं रुग्णालय आहे. अविसेन म्हणजे आपण ज्याला इब्न सीना म्हणतो तो. ते १९३५ मध्ये ‘फ्रँको-मुस्लिम रुग्णालय’ म्हणून उघडलं, तेव्हा त्यामागे उपचाराइतकाच उत्तर आफ्रिकी मजुरांवर नजर ठेवण्याचा हेतू होता. त्याच रुग्णालयातून पुढे नऊ चित्रांची एक स्मृतिचाचणी तयार झाली: लिहायला-वाचायला न येणाऱ्या, घरी वेगळीच भाषा बोलणाऱ्या माणसांसाठी. पाळत ठेवायला बांधलेल्या भिंतींतून काळजी घेणारी गोष्ट निघाली, ती त्या जिल्ह्यात कोण राहतं याकडे डोळेझाक न केल्यामुळे.

चाचणीचा प्रश्न लहान वाटतो, तसा तो नाही. माझ्या आत्याला आम्ही पुण्यात दाखवायला नेलं होतं. ‘आज तारीख काय?’ विचारल्यावर ती म्हणाली, ‘तारीख नाही ठाऊक, नवमी आहे.’ नवमीच होती. शून्य गुण. गेंड्याचं चित्र पाहून ती म्हणाली, ‘कसलंसं रानडुक्कर.’ शून्य गुण. साताऱ्याकडच्या बाईने गेंडा बघावा कुठे? आता तिच्या जागी हिजरी महिन्याची तारीख बिनचूक सांगणारी येमेनी आजी बसवा. तिच्याशी इंग्रजीत बोलणारा डॉक्टर आणि मध्ये दुभाषी म्हणून दहावीतला नातू. नातू आजीची लाज राखायला उत्तर सुधारून सांगतो, किंवा प्रश्नच समजावून देता देता उत्तर देऊन टाकतो. आणि चाचणी अरबीत असली तरी कुठल्या अरबीत? छापील, पुस्तकी अरबी ही शाळेत शिकायची भाषा. घरची बोली बगदादला एक, सनाला दुसरी, कासाब्लांकाला तिसरी. शाळेत न गेलेल्या माणसाला पुस्तकी अरबीत प्रश्न विचारणं म्हणजे माझ्या आत्याची परीक्षा ज्ञानेश्वरीच्या मराठीत घेणं. १९७५ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या छोट्या चाचणीत एक इंग्रजी शब्द उलट्या अक्षरांनी सांगायला लावतात. ज्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, तिथे त्या कसरतीचं करायचं काय? विशेष म्हणजे आज अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनाही दिली गेलेली, गेंडा-उंट-सिंह असलेली ती माँट्रियलची चाचणी बनवली झियाद नसरेद्दीन या लेबनीज-कॅनेडियन मेंदूविकारतज्ज्ञांनी. तीत कमी शिकलेल्यांना एक जादा गुण मिळतो. एक गुण! सबंध न मिळालेल्या शाळेची भरपाई.

हे सुधारता येतं, आणि सुधारलं गेलंही आहे. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत नव्वदच्या दशकात मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या १९७५ च्या चाचणीचं हिंदी रूप बसवलं. शब्द उलटा सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणा. कागदावरचा हुकूम वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरचा करतो तसं करा. वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगा. सिडनीच्या नैर्ऋत्य भागात, जिथे जगभरचे स्थलांतरित राहतात, २००४ मध्ये एक चाचणी तयार झाली. तीत दुकानातून आणायच्या चार वस्तू लक्षात ठेवायला सांगतात: चहा, तेल, अंडी, साबण. रहदारीचा रस्ता कसा ओलांडाल ते विचारतात. लेबनॉनमध्ये तिचं अरबी रूप तपासूनही झालं आहे. म्हणजे हत्यार आहे. ते हातात घ्यायचं कुणासाठी, कुठल्या दवाखान्यात, किती माणसांसाठी, किती प्रशिक्षित दुभाषे नेमून, हे ठरवायला आकडा लागतो. आणि आकडा तर ‘गोऱ्यां’त बुडालेला.

म्हणून नवा गट हवा, असं मी म्हणतो. पण त्यातही डोळे उघडे ठेवून. ‘अरब’ ही एक मोट नाही. इराकने १९७८ मध्ये सक्तीची साक्षरता मोहीम काढली, खेड्यापाड्यांतल्या बायकांना वर्गात बसवलं; कैरोहून आलेला डॉक्टर अमेरिकेत डॉक्टरच झाला; येमेनच्या डोंगरातली बाई यातल्या कशातच नव्हती. तिघांची सरासरी काढली की पुन्हा तेच होईल, फक्त लहान पातळीवर: डॉक्टरच्या गुणांनी त्या बाईची उणीव झाकली जाईल. नियम करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही, नव्या गटाखाली त्यांनी उपगट दिले आहेत. लेबनीज, इराणी, इजिप्शियन, सीरियन, इराकी, इस्राएली, या सहा नावांपुढे नुसती खूण करायची आहे. येमेनी त्यांत नाही. येमेनी माणसासाठी खाली एक ओळ रिकामी ठेवलेली आहे, तिथे त्याने आपल्या हाताने लिहायचं आहे. डिअरबॉर्नच्या दक्षिण टोकाला, रूजच्या भिंतीपलीकडे राहणारी जी पंचाहत्तरीची बाई कधी शाळेत गेली नाही, तिच्यासाठीही तीच ओळ.